काश्मीर प्रिन्सेस : बांडुंगच्या वाटेवरचे शेवटचे तास

परदेशातल्या परिषदेला मुख्य पाहुणा सहसा शेवटी पोचतो. त्याच्या आधी त्याची माणसे गेलेली असतात. दुभाषे, कारकून, वार्ताहर, भाषणांच्या प्रती सांभाळणारे, खोल्या पाहून ठेवणारे. त्यांची नावे पुढे कुठल्याच छायाचित्राखाली येत नाहीत. ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जाकार्ताला निघालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'काश्मीर प्रिन्सेस' विमानात बसली होती ती अशीच माणसे. बॉम्ब ज्याच्यासाठी ठेवला होता, तो चीनचा पंतप्रधान त्या विमानात नव्हता.

खालच्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे आहेत. स्फोट झाला दुपारी २.५५च्या सुमारास, उलटी मोजणी तिथून.

डिसेंबर १९५४ ते मार्च १९५५

भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोनेशिया या पाच देशांचे पंतप्रधान डिसेंबर १९५४च्या अखेरीस इंडोनेशियातल्या बोगोरला भेटले आणि आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद बांडुंगला भरवायचे ठरले. २९ देश येणार. त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतंत्र होऊन दहा वर्षेही झाली नव्हती, आणि एवढी मोठी परिषद भरवण्याचा अनुभव यजमानांपाशी नव्हता.

नेहरूंना याची काळजी लागून राहिली. फेब्रुवारीत त्यांनी जाकार्तातल्या भारतीय राजदूतांना, तय्यबजींना, पत्र लिहिले. त्यात त्यांनी बजावले होते ते न्हाणीघरांबद्दल आणि संडासांबद्दल. दिवाणखाने नसले तरी पाहुण्यांचे चालते, या गोष्टी नसल्या तर चालत नाही, असा त्याचा आशय. हे पत्र मिस्कीलपणे सांगितले जाते, पण ज्याने काँग्रेसची अधिवेशने मांडवात भरवलेली पाहिली होती तो माणूस बरोबर ठिकाणी बोट ठेवत होता. तयारी करणारा अनुभवातूनच तयारी करतो. जे पूर्वी बिघडलेले पाहिले, ते या खेपेला बिघडू नये एवढे तो पाहतो.

चिनी शिष्टमंडळाची अडचण निराळी होती. बांडुंगला जायचे कशाने? चीनकडे तेव्हा समुद्रापलीकडे इतका लांबचा पल्ला मारणारी नियमित प्रवासी विमानसेवा नव्हती. भारताशी संबंध उत्तम. पंचशील करारावर सह्या होऊन वर्षही झाले नव्हते. तेव्हा भारतीय विमान भाड्याने घ्यायचे ठरले आणि ते सुटणार हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावरून. म्हणजे कम्युनिस्ट चीनचे लोक, ब्रिटिशांच्या वसाहतीतून, भारतीय विमानाने, इंडोनेशियाला. एका प्रवासाची जबाबदारी चार सरकारांत वाटली गेली.

आणि हाँगकाँग त्या काळी निवांत शहर नव्हते. १९४९मध्ये चीन कम्युनिस्टांच्या ताब्यात गेल्यावर पळून आलेल्या लाखो लोकांत, हरून तैवानला गेलेल्या च्यांग काय-शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाची माणसे मिसळलेली होती. सप्टेंबर १९५४पासून तैवानच्या सामुद्रधुनीत तोफा धडाडत होत्या. पेकिंगचा पंतप्रधान तिथून विमानात बसणार, ही बातमी दडून राहण्यासारखी नव्हतीच.

एप्रिलचा पहिला आठवडा

बांडुंगमध्ये रंगरंगोटी संपत आली होती. ७ एप्रिलला इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकर्णो पाहणीला आले आणि परिषदेच्या इमारतीचे डच नाव 'काँकॉर्डिया' बदलून त्यांनी 'गदुंग मर्देका', स्वातंत्र्य भवन, असे ठेवले. समोरच्या रस्त्याचे नावही आशिया-आफ्रिका रस्ता झाले. होमान आणि प्रिआंगर ही हॉटेले पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली.

इकडे चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा बेत बदलला होता. त्यांची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले गेले. शिवाय परिषदेआधी रंगूनला येऊन जा, असे ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांचे आमंत्रण होते. नेहरू आणि इजिप्तचे नासेरही तिथे येणार होते. तेव्हा चौ युन्नानमधल्या कुनमिंगला गेले, हाँगकाँगला नाही. बाहेर मात्र हा बदल कोणाला माहीत नव्हता. निदान ज्यांना तो माहीत असता तर सोळा माणसे वाचली असती, त्यांना नव्हता.

१० एप्रिल, सकाळ. स्फोटाला तीसेक तास

पेकिंगच्या परराष्ट्र खात्याने तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधी कार्यालयाला सावध केले. कुओमिंतांगचे हस्तक चिनी शिष्टमंडळाला घेऊन जाणाऱ्या भारतीय विमानाच्या प्रवासात विघ्न आणण्याच्या खटपटीत आहेत, हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांनी बंदोबस्त करावा. शिन्हुआ या चिनी वृत्तसंस्थेच्या हाँगकाँगमधल्या लोकांनाही सावधगिरीचा निरोप गेला होता.

हा इशारा हाँगकाँगपर्यंत पोचला, वेळेत पोचला. एवढ्यावर पुढे पेकिंगने बोट रोखले : आम्ही सांगितले होते. ब्रिटिशांचे म्हणणे असे की, विमानात घातपात होणार असे कोणी सांगितले नव्हते. आम्हाला वाटले विमानतळावर निदर्शने होतील, घोषणा होतील, प्रवाशांच्या अंगावर कोणी धावून जाईल. दोन्ही बाजूंचे बरोबर आहे, आणि म्हणूनच हा सगळा प्रकार इतका अस्वस्थ करतो. एका सरकारने आपला खबऱ्या उघडा पडू नये म्हणून मोघम लिहिले असणार. दुसऱ्याने त्या मोघम मजकुरात आपल्याला ओळखीचा धोका वाचला. वसाहतीच्या पोलिसाला दंगल ओळखीची असते. गर्दी कशी अडवायची हे त्याला शिकवावे लागत नाही.

११ एप्रिल, सकाळ. स्फोटाला सहा तास

मुंबईचे कर्मचारी घेऊन 'काश्मीर प्रिन्सेस' काय ताकला उतरले. लॉकहीडचे एल-७४९ए कॉन्स्टेलेशन, नोंदणी व्हीटी-डीईपी, चार इंजिने, शेपटाला तीन उभी पाती, आकाराने देखणे. याच जातीच्या 'मलबार प्रिन्सेस'ने १९४८च्या जूनमध्ये मुंबई-लंडन सेवा सुरू केली होती. 

इंधन, साफसफाई, देखभाल, खाण्याचे डबे एवढ्यापुरता थांबा. विमानाभोवती पोलीस होते. प्रवासी कोण, त्यांच्या जवळपास कोण फिरकते याकडे लक्ष होते. पण विमान उडवायचे तर त्याला हात लावावाच लागतो. इंधनवाला येणार, झाडूवाला येणार, मेकॅनिक येणार. पहारेकरी ज्यांना आत सोडतो ती ही माणसे. त्यांच्या हातात काही असणे हेच स्वाभाविक.

हाँगकाँग पोलीस पुढे ज्या निष्कर्षाला आले, तो असा : विमानतळावर देखभाल करणाऱ्या कंपनीत चौ त्से-मिंग नावाचा एक सफाई कामगार होता. त्याला कुओमिंतांगच्या हस्तकांनी पैशाचे आमिष दाखवून गाठले होते. या थांब्यात त्याने उजव्या पंखाखाली, उड्डाणानंतर चाके जिथे आत घेतली जातात त्या पोकळीत, घड्याळ लावलेला छोटा बॉम्ब ठेवला. पोकळीला लागून तीन नंबरचे इंजिन आणि त्याच्या इंधनाची टाकी. प्रवाशांच्या डब्यात बॉम्ब ठेवायला धाडस लागते. इथे फक्त वाकावे लागते.

सकाळी ९.५५. पाच तास

उड्डाण. ग्रिनिच वेळ ४.२५. विमानात १९ जण होते, ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी. चाके उचलली गेली आणि आपल्या पोकळीत जाऊन बसली.

सकाळी १०.५५. चार तास

प्रवाशांकडे पाहू. आठ चिनी, त्यातले पाच पत्रकार आणि तिघे शिष्टमंडळाचे कर्मचारी. एक उत्तर व्हिएतनामचा प्रतिनिधी, एक पोलिश पत्रकार, एक ऑस्ट्रियन. त्या काळी चीनहून हाँगकाँगला यायचे म्हणजे शेनझेनपर्यंत गाडी, मग सामान घेऊन लो वूचा पूल पायी ओलांडायचा आणि पलीकडे ब्रिटिशांच्या गाडीत बसायचे. सरळ गाडी १९४९लाच बंद झाली होती.

ऑस्ट्रियन होते फ्रिट्झ येन्सेन. पेशाने डॉक्टर, स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथे हरल्यावर चीनच्या आघाडीवर गेले, नंतर लेखणी धरली. चीनमध्ये जखमींवर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांमुळे आपल्याला अशा माणसांची कुळी ठाऊक आहे.

हुआंग त्सुओ-मेइ यांची गोष्ट तर उपरोधाचीच. हाँगकाँगचेच, शिन्हुआच्या तिथल्या शाखेचे प्रमुख. जपान्यांच्या ताब्यात हाँगकाँग असताना गनिमी दलातून त्यांनी दोस्त राष्ट्रांच्या माणसांची सुटका करण्यात मदत केली होती आणि त्याबद्दल ब्रिटिश राजाने त्यांना एम.बी.ई. हा किताब दिला होता. ज्या मुकुटाचे पदक त्यांच्याकडे होते, त्याच मुकुटाच्या पोलिसांनी आज त्यांच्या विमानाभोवती पहारा दिला होता.

सकाळी ११.५५. तीन तास

कॅप्टन होते डी. के. जटार. सहवैमानिक एम. सी. दीक्षित, दिशा पाहणारे जे. सी. पाठक, उड्डाण अभियंता डिकुन्हा, विमानाची जमिनीवरची देखभाल पाहणारे अनंत कर्णिक, हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी आणि केबिनमधले आणखी दोघे. बांडुंगच्या राजकारणाशी या आठ जणांचा काही संबंध नव्हता. त्यांच्यासाठी हे भाड्याचे एक उड्डाण होते, एरवीपेक्षा जरा जास्त ताणाचे. एअर इंडियाच्या त्या पिढीतली जटार-कर्णिकांसारखी नावे मुंबईच्या चाळीतल्या पाट्यांवर शोभणारी. त्या पाट्यांमागे राहणारा माणूस मंगळवारी जाकार्ताला, शुक्रवारी कैरोला असायचा, आणि शेजारी त्याला विदेशी साबण आणायला सांगत.

विमान १८,००० फुटांवर स्थिर झाले. खाली दक्षिण चिनी समुद्र.

दुपारी १२.५५. दोन तास

कुनमिंगमध्ये चौ एन-लाय रंगूनच्या प्रवासाच्या तयारीत होते.

कटाची कुणकुण त्यांना किती होती, यावर इतिहासकारांत वाद आहे. स्टीव्ह त्सांग यांनी ब्रिटिश, तैवानी आणि अन्य कागद चाळून १९९४मध्ये लिहिले की, चौ यांना आधीच सुगावा लागला होता असे पुरावा सुचवतो, आणि शस्त्रक्रियेची कथाही ते तपासून घेतात. त्यातून अप्रिय प्रश्न उभा राहतो : माहीत होते, तर माणसे का चढू दिली? याचे एक निर्दय उत्तर सुचवले जाते, ते असे की, उड्डाण रद्द केले तर खबर कुठून फुटली हे कळले असते. मला ते उत्तर पूर्ण पटत नाही. इशारा पाठवला होता, ही गोष्ट त्यात बसत नाही. मरायला पाठवायचे असते तर ब्रिटिशांना आदल्या सकाळी जागे कशाला करायचे? बहुधा पेकिंगलाही धोक्याचा वास होता, आकार माहीत नव्हता. पण एक खरे : पंतप्रधानाचा मार्ग बदलला गेला, बाकीच्यांचा नाही. इशाऱ्याचे वजन माणसागणिक बदलते.

दुपारी १.५५. एक तास

काही घडले नाही. समुद्र, तोही स्वच्छ हवेतला.

दुपारी २.५५. शून्य

धडाका. तीन नंबरच्या, म्हणजे उजवीकडच्या आतल्या, इंजिनामागे आग दिसली आणि केबिनमध्ये धूर शिरू लागला. सामानकक्षातल्या आगीचा इशारा देणारा दिवा लागला. जटारांनी तीन नंबरचे इंजिन बंद केले आणि पंखा 'फेदर' केला, म्हणजे पाती वाऱ्याला आडवी न येतील अशी वळवून त्याचे फिरणे थांबवले. राहिली तीन इंजिने.

आग इंजिनाची असती तर हा उपाय पुरला असता. कॉन्स्टेलेशन तीन इंजिनांवर नीट उडते. पण स्फोटाने इंधनाची टाकी फुटली होती. आगीला खाद्य पंखातून मिळत होते आणि तिथे कोणाचाच हात पोचत नव्हता.

दुपारी ३ च्या आसपास

रेडिओवरून तीनदा मदतीची हाक गेली, स्थान नातुना बेटांजवळचे. मग रेडिओ बंद. विजेच्या तारा एकेक करून निकामी होत होत्या. कॉकपिटमध्ये धूर इतका दाटला की समोरचे दिसेना. केबिनमधला हवेचा दाब उतरत होता. हातात एकच मार्ग उरला होता, समुद्रावर विमान टेकवणे, आणि तेही काही न दिसता.

केबिनमध्ये प्रवाशांना लाइफ जॅकेट वाटली गेली. ग्लोरिया बेरी शेवटपर्यंत त्याच कामात होत्या. बाहेर पडायला वेळ लागू नये म्हणून संकटकाळचे दरवाजे आधीच उघडले. या माणसांनी पाठ केलेली प्रत्येक गोष्ट पाठ केलेल्या क्रमाने केली. १८,००० फुटांवरून खाली यायला जेवढी मिनिटे लागतात, तेवढीच त्यांच्यापाशी होती.

उजवा पंख आधी पाण्याला लागला. विमानाचे तीन तुकडे झाले.

११ एप्रिल, दुपारनंतर

पाण्यावर तिघे उरले : दीक्षित, पाठक आणि कर्णिक. जटार, डिकुन्हा, बेरी आणि अकराही प्रवासी यांसह सोळा जण गेले. तिघांची सुटका होऊन ब्रिटिश नौदलाच्या 'डॅम्पियर' जहाजाने त्यांना सिंगापूरला पोचवले. कर्णिकांनी पुढे या साऱ्यावर पुस्तक लिहिले, नाव विमानाचेच. वाचलेल्यांचा आणि गेलेल्यांचाही भारत सरकारने अशोकचक्र मालिकेतल्या पदकांनी गौरव केला. विमानाची देखभाल ज्याच्याकडे होती तोच माणूस वाचला, हे तपासाच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले : कोणते दिवे कोणत्या क्रमाने लागले, धूर कुठून आला, हे सांगणारा जाणकार जिवंत होता.

१२ एप्रिल

पेकिंगने जाहीर केले की, हा अमेरिकेच्या आणि च्यांग यांच्या गुप्तहेरांनी केलेला खून आहे. हाँगकाँगचे गव्हर्नर अलेक्झांडर ग्रँथम यांचे म्हणणे, आमच्या विमानतळावर विमानाला कोणी हात लावलेला नाही. समुद्रातले अवशेष अजून वर यायचे होते. दोन्ही सरकारांना उत्तर आधीच माहीत होते.

१४ ते २४ एप्रिल

चौ रंगूनला गेले, तिथून बांडुंगला. १८ तारखेला सुकर्णोंनी परिषदेचे उद्घाटन केले. १९ला चौ बोलले ते अपेक्षेपेक्षा मवाळ, जुळवून घेण्याच्या सुरात. २४ला दहा तत्त्वांचा ठराव होऊन परिषद संपली. न्हाणीघरांची कुठे तक्रार झाल्याचे वाचनात नाही.

मे

नेहरूंनी गुप्तवार्ता विभागातले तरुण अधिकारी रामेश्वरनाथ काव यांना या तपासात घातले. हेच काव १९६८मध्ये 'रॉ' या भारतीय गुप्तचर संस्थेचे पहिले प्रमुख झाले. चीन, ब्रिटन, इंडोनेशिया या तिघांत परस्परांवर विश्वास नव्हता आणि मधे उभे राहायला भारतीय माणूस लागत होता. विमान भारताचे, माणसे भारताची, पण घटनास्थळ इंडोनेशियाचे, संशयित ब्रिटिशांच्या वसाहतीतला आणि लक्ष्य चीनचे. त्या वयात काव यांना हे प्रशिक्षण कुठल्या शाळेत मिळाले नसते.

हाँगकाँग सरकारने माहिती देणाऱ्याला एक लाख हाँगकाँग डॉलरचे बक्षीस लावले. विमानाच्या देखभालीशी संबंध आलेल्या ७१ जणांची चौकशी झाली. हळूहळू सगळी बोटे त्या एका सफाई कामगाराकडे वळू लागली. तो मित्रांपाशी बढाया मारत होता आणि त्याच्या पगारात बसणार नाही असा पैसा उधळत होता.

१८ मे रोजी चौ त्से-मिंग 'सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट' कंपनीच्या विमानात लपून काय ताकवरून तैवानला गेला. या कंपनीची मालकी पडद्याआडून सीआयएकडे होती, हे नंतर उघड झाले.

२६ मे रोजी इंडोनेशियाच्या चौकशी समितीने निष्कर्ष जाहीर केला. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत वेडेवाकडे झालेले घड्याळाच्या यंत्राचे तुकडे सापडले होते. उजव्या बाजूच्या चाकांच्या पोकळीत घड्याळी बॉम्ब फुटला, त्याने तीन नंबरची टाकी फुटली आणि आग आटोक्यात आली नाही. स्फोटक अमेरिकी बनावटीच्या एमके-७ डिटोनेटरने उडवलेले. बॉम्ब बहुधा हाँगकाँगमध्येच ठेवला गेला असावा. ज्याची चौकशी करायला हवी होती, तो तेव्हा आठ दिवसांपासून तैवानमध्ये होता. हाँगकाँगने त्याला परत मागितले. तैवानने नकार दिला आणि हा आमचा माणूसच नव्हे असे कळवले. हाँगकाँगने कुओमिंतांगच्या काही संशयित हस्तकांना हद्दपार केले. सोळा खुनांचा खटला कोणावरही चालला नाही.